जुनी सफारी डायकोर फोर बाय फोर: भीमाकाठच्या प्रवासाची तयारी, आणि शेतात वर चढणारा काटा

हिप्परगाकाठ | ५ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाडी २००९ची टाटा सफारी, २.२ डायकोर डिझेल, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ देता येणारी. एक लाख अडुसष्ट हजार किलोमीटर झालेत. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून घेतली, नंबर अजून एमएच-१२च आहे. २०२४ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा फिटनेस करून पुढच्या पाच वर्षांचं रजिस्ट्रेशन घेतलंय. कागदं स्वच्छ आहेत.

वडील पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. उजनीच्या पाण्यावर त्यांची सगळी नोकरी गेली, निम्मी सायकलवर. आता वय ७६. त्यांना एकदा भीमेच्या काठाकाठानं न्यायचंय, भीमानगरला धरणाच्या भिंतीपासून खाली पंढरपूर, माचणूर करत हत्तरसंग-कुडलला सीना-भीमेच्या संगमापर्यंत. महामार्ग नको, पाणंद आणि कच्चे रस्ते. तीन दिवस, घाई नाही.

अडचणी अशा. मोहोळच्या पुढं आमचं रान आहे. तिथं लो गिअरमध्ये (फोर लो, चारही चाकांना हळू पण जास्त ओढ) पंधरा-वीस मिनिटं चालवली की टेंपरेचरचा काटा वर सरकतो. शहरातल्या एका गॅरेजात थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप बदलून झाला, फरक शून्य. दुसरं, फोर हायमध्ये (चारही चाकांना ओढ, पण नेहमीच्या गिअरिंगला) वळताना खालून कडकड आवाज येतो आणि गाडी अडल्यासारखी वाटते. तिसरं, फोर लोचा दिवा कधी कधी नुसता लुकलुकत राहतो.

शिवाय मेकॅनिक म्हणतो, "मालक, पुढनं दोन इंच उचलून देतो, पाना फिरवायचं काम हाय." उचलावी का? सगळ्यांची मतं हवी आहेत.

बार्शीरोड | ५ एप्रिल, रात्री १०:१५

सफारी म्हणजे राजा गाडी. माझा सल्ला: आधी २४५/७५ आर१६ ऑल टेरेन टायर, पुढं स्टीलचा बंपर, वर लाइट बार. मग खालचं बघा. टायर मोठे झाले की गाडी आपोआप उंच होते, निम्मा प्रश्न तिथंच मिटतो.

जुना_पाना | ५ एप्रिल, रात्री ११:०५

बार्शीरोड, टायरचं नंतर बोलू. तापणाऱ्या इंजिनावर मोठा टायर चढवला की इंजिनावरचा भार वाढतो. आधी दुखणं, मग दागिने.

हिप्परगाकाठ, मी तेहतीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली. आता एकही पार्ट विकत घेऊ नका, चार गोष्टी सांगा. हायवेवर ऐंशी-नव्वदनं, एसी लावून गेलात तर काटा कुठं असतो? कूलंट कमी होतं का? सकाळी थंड इंजिन चालू केल्याबरोबर रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा घट्ट होतो का? आणि आत काय भरलंय, कूलंट की बोअरचं पाणी?

हिप्परगाकाठ | ६ एप्रिल, सकाळी ७:२०

काका, हायवेला अजिबात त्रास नाही. गेल्याच आठवड्यात नळदुर्गला जाऊन आलो, भर दुपारी, एसी चालू, पाच माणसं. काटा मधल्या रेषेच्या खाली, हलला नाही. कूलंट कमी होत नाही. पाइप मऊच असतो. आत काय आहे ते पंप बदलणाऱ्यानं भरलंय, रंग फिकट हिरवा दिसतो.

जुना_पाना | ६ एप्रिल, सकाळी ९:५०

मग हेड गॅस्केटची (इंजिनाच्या हेडखालच्या सीलची) भीती तूर्त बाजूला ठेवा. गॅस्केट गेलं असतं तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरून पाइप थंडीतच फुगला असता, पाणीही कमी झालं असतं.

आता हे लक्षात घ्या, कारण निम्मी गॅरेजं इथंच चुकतात. हायवेला तापते आणि गावात थंड राहते ती गाडी बहुधा आतून तुंबलेली असते, म्हणजे रेडिएटरच्या नळ्यांतून पाणी पुरेसं फिरत नाही. तुमचं उलट आहे. वेगात असताना समोरचा वारा काम करतो. हळू चालताना तो वारा नसतो, सगळं पंख्यावर येतं. म्हणून तुमचा प्रश्न पाण्याचा नाही, हवेचा आहे. पंप बदलून फरक पडणारच नव्हता.

घरी करता येईल अशी तपासणी सांगतो. गाडी गरम करा, हँडब्रेक ओढून न्यूट्रलमध्ये, एसी चालू. वर्तमानपत्राचं एक पान घेऊन समोरच्या जाळीवर ठेवा आणि सोडा. पंखा नीट ओढत असेल आणि पुढं वाट मोकळी असेल तर पान चिकटून राहतं. डावीकडं, उजवीकडं, वर, खाली, चारी ठिकाणी करून बघा.

हिप्परगाकाठ | ६ एप्रिल, संध्याकाळी ६:३५

केलं. डावीकडं पान चिकटतं. मध्ये अर्धवट. उजव्या बाजूला खाली तर धरतच नाही, सरळ घसरून पडतं.

जुना_पाना | ६ एप्रिल, संध्याकाळी ७:१०

मिळालं. पुढं एसीचा कंडेन्सर, मागं रेडिएटर, मधल्या फटीत कचरा अडकलाय. बाहेरून कंडेन्सर स्वच्छ दिसत असेल, त्यावर जाऊ नका. वरच्या पट्टीचे बोल्ट काढून फटीत टॉर्च मारा. शेतातून आल्यावर गाडी कशी धुता?

हिप्परगाकाठ | ८ एप्रिल, रात्री ८:५०

काल-आज दोन दिवस यातच गेले, सविस्तर लिहितो. ज्याची गाडी शेतात जाते त्याला उपयोगी पडेल.

वरची पट्टी काढून टॉर्च मारला तर उजव्या बाजूला खालून वीतभर उंचीपर्यंत मातीचा थर, त्यात ज्वारीचा भुस्सा आणि उसाच्या पाचटाचे तुकडे. वाळून पापडासारखा झालेला. चूक माझीच आहे. दर वेळी शेतातून आलो की प्रेशर वॉशरनं समोरून पाणी मारायचो. कंडेन्सर स्वच्छ व्हायचा आणि त्याच्यावरचं सगळं मागं जाऊन रेडिएटरवर बसायचं. काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की आवळून धरते. तीन वर्षं मी स्वतः तो थर रचत होतो.

रेडिएटर खाली उतरवला. आधी मऊ ब्रशनं कोरडा भुस्सा काढला, मग बागेच्या साध्या पाइपनं इंजिनाच्या बाजूकडून पुढं, म्हणजे हवा जाते त्याच्या उलट दिशेनं पाणी सोडलं. दाब मुद्दाम कमी ठेवला, कारण पाती कागदासारखी पातळ असतात, दाबानं आडवी पडली की तो भाग कायमचा बंद. पहिल्यांदा गढूळ पाणी, मग चहासारखं, आणि पाऊण तासानं पलीकडचा उजेड दिसायला लागला. आडवी पडलेली पाती वडिलांनी चिमट्यानं सरळ केली. चष्मा लावून तीन तास बसले होते.

रेडिएटर आणि चौकटीमधल्या फटीत फोमच्या पट्ट्या असतात, त्यातली एक गायब होती. हळू वेगात पंख्यानं फेकलेली गरम हवा त्या फटीतून फिरून परत पुढं येत असणार. नवी पट्टी बसवली. आतलं फिकट पाणी काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. रेडिएटरचं झाकणही बदललं, जुन्याचं रबर चिरलेलं होतं आणि दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळतं.

आज दुपारी रानात पस्तीस मिनिटं लोमध्ये चालवली. पान चारी बाजूंनी चिकटतं. काटा हायवेला असतो तिथंच. काका, तुमचे आभार कसे मानू?

जुना_पाना | ८ एप्रिल, रात्री ९:३०

वडिलांना नमस्कार सांगा, पाती सरळ करायला फार धीर लागतो. इथून पुढं शेतातून आलात की गाडी थंड होऊ द्या आणि साध्या पाइपनं मागून पुढं धुवा.

आता कडकड आवाजाचं. चारही टायर एकाच वेळचे आहेत का?

हिप्परगाकाठ | ८ एप्रिल, रात्री ९:४५

नाही. २३५/७० आर१६ हाच साइज आहे, पण पुढचे दोन डिसेंबरमध्ये नवे घातले, मागचे पूर्वीचे.

वारुळाचा_माळ | ९ एप्रिल, दुपारी १:२५

हे मी सांगते, माझ्याकडं पण पार्ट टाइम फोर बाय फोर आहे आणि हीच चूक मी केली होती.

या गाडीला पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची पेटी) नसतं. फोर हाय लावला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, दोघांनी एकाच वेगानं फिरायचं. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळात जातात, मागची लहान. हा फरक चिखलात किंवा सुट्या मुरुमावर चाक थोडं घसरून भरून निघतो. कोरड्या डांबरावर किंवा टणक जमिनीवर घसरायला जागाच नसते, मग ताण शाफ्टमध्ये साठत जातो आणि तोच कडकड करून सुटतो.

त्यात टायरचं गणित. २३५/७० आर१६चा व्यास साधारण ७३५ मिमी. नव्या टायरची नक्षी ८ मिमी आणि जुन्याची ३ मिमी धरली तर व्यासात १० मिमीचा फरक, घेरात जवळपास ३० मिमी. चाक किलोमीटरला सुमारे ४३३ वेळा फिरतं, म्हणजे मागच्या चाकांना पुढच्यांपेक्षा दर किलोमीटरला सहाएक फेरे जास्त हवेत. सरळ रस्त्यावर सुद्धा! हा ताण ट्रान्सफर केसमधले (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणाऱ्या पेटीतले) चेन आणि गिअर सोसतात. प्रवासाआधी चारही टायर एकसारखे करा, स्टेपनीसुद्धा त्याच साइजची. आणि फोर हाय फक्त सुट्या जमिनीवर.

बार्शीरोड दादा, २४५/७५चा व्यास ७७४ मिमीच्या आसपास जातो, म्हणजे सव्वापाच टक्के जास्त. त्यातून पोटाखालची उंची मिळते १९ मिमी. त्याच्या बदल्यात गिअरिंग तेवढं लांब होतं, लोमधली हळू ओढ कमी होते, स्पीडोमीटर शंभर दाखवतो तेव्हा गाडी एकशेपाचला असते. वडिलांना घेऊन पाणंदीनं जायचंय तर मूळ साइजमध्येच ऑल टेरेन पुरेसे आहेत.

बार्शीरोड | ९ एप्रिल, दुपारी २:००

ताई, गणित पटलं. माझ्या गाडीला मोठे टायर घातल्यापासून पहिल्या गिअरला क्लच जास्त वेळ अर्धवट ठेवावा लागतो, त्याचं कारण आज कळलं.

जुना_पाना | ९ एप्रिल, रात्री ८:४०

लुकलुकणाऱ्या दिव्याचं सांगतो. दिवा लुकलुकतो म्हणजे फोर लो लावणारी शिफ्टची मोटर फिरायला लागली, पण आतला गिअर पूर्ण बसल्याची खूण कंट्रोलरला मिळाली नाही. गाडी पूर्ण थांबवा, न्यूट्रल, क्लच दाबून ठेवा, नॉब फिरवा, तीन-चार सेकंद थांबा. तरी बसला नाही तर गाडी हातभर पुढं-मागं सरकू द्या, दात समोरासमोर येऊन अडले असतील तर बसतात. वारंवार होत असेल तर खाली जाऊन मोटरचा कनेक्टर काढून बघा, हिरवट बुरशी असते. आणि बॅटरीपासून चासीला, चासीपासून इंजिनाला जाणारी अर्थची पट्टी साफ करा. जुन्या गाडीत अर्थ खराब असली की दहा वेगवेगळी दुखणी दिसतात.

महिन्यातून एकदा शेतात दोन-तीन किलोमीटर फोर हायमध्ये चालवत जा. न वापरलेली यंत्रणा आधी जाम होते.

आणि पुढनं दोन इंच उचलायचं? नको. या गाडीला पुढं कॉइल नाही, टॉर्शन बार आहे, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई. पाना फिरवून बार आवळला की पुढचा भाग वर येतो खरा, पण स्प्रिंग कडक होत नाही आणि चाकाला वर-खाली व्हायला जास्त जागाही मिळत नाही. चाक खाली लोंबण्याची जी जागा असते तीच तुम्ही खाता. मग खड्ड्यात चाक लवकर हवेत जातं, ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढून बूट फाटतात, बॉल जॉइंट ताणले जातात. वयानं बसलेला बार मूळ उंचीला आणायचा असेल तर बोल्टवर आधी रंगाची खूण करा, दोन्ही बाजूचे फेरे मोजा, नंतर अलाइनमेंट. तेवढंच. मागं फाइव्ह-लिंक (ॲक्सल धरून ठेवणाऱ्या पाच दांड्या) आणि कॉइल आहे, सामान जास्त असेल तर थोडी दमदार कॉइल चालेल. फार उंच केलीत तर आडव्या रॉडमुळं ॲक्सल एका बाजूला सरकतो आणि ब्रेकचा होज ताणला जातो.

सीनाकाठ | १० एप्रिल, सकाळी १०:१५

एक माझ्याकडून. २०२५च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला तेव्हा माढा-मोहोळकडं आम्ही गाड्यांतून जेवण आणि चारा पोचवत होतो. पाणी चाकाच्या हबपर्यंतच, त्यामुळं मी निर्धास्त. आठ दिवसांनी मागच्या डिफचा (डिफरन्शियलचा) बोल्ट सहज सोडला तर तेल ताकासारखं पांढरं आलं.

कारण असं, की डिफ चालून चालून तापलेलं असतं. गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि बाहेरचं ओढून घेते. ॲक्सलवर हवा आत-बाहेर जायला बोटभर उंचीचा ब्रीदर असतो, तो चिखलानं बुजला असेल तर तेलाच्या सीलमधून पाणी आत येतं. उपाय फार स्वस्त आहे. ब्रीदरच्या जागी रबरी पाइप जोडून तो वर, चासीच्या आणि बॉडीच्या आतून टेललाइटच्या उंचीपर्यंत न्यायचा, टोकाला छोटा फिल्टर. पुढचा डिफ, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस यांचेही तसेच इंजिन खोलीत वर नेता येतात. हे मी कुठल्याही बंपरच्या आधी करेन.

आणि पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. दोर लावून बाहेर काढा.

वारुळाचा_माळ | १० एप्रिल, दुपारी १२:०५

स्टीलच्या बंपरबद्दल. क्रॅश गार्ड आणि बुल बारवर केंद्रीय परिवहन मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे आदेश दिलेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. अपघातात विम्याचा दावा अडकू शकतो तो वेगळाच. ब्रीदर, टायर, चासीला धरलेले मजबूत हुक, कॉम्प्रेसर यांत गाडी बेकायदा होत नाही आणि कामही होतं.

दुसरी विनंती मनापासून. काठानं जाताना रस्ता सोडून माळावर गाडी घालू नका. आपल्या माळावर टिटव्या, चंडोल, धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि ती खड्यांसारखीच दिसतात. उन्हाळ्यात उजनीच्या काठावर आणि बेटांवर नदीसुरयांची घरटी असतात. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात तर परवानगीशिवाय जायचंच नाही. चाकोरी आहे तिथूनच जा.

गाळपेर | १० एप्रिल, रात्री ९:२०

मी करमाळ्याचा. उजनीच्या फुगवट्याला आमची गाळपेर जमीन आहे. पाणी मागं हटलं की मोकळी होणारी ही जमीन वरून भेगाळलेली, वाळलेली दिसते. माणूस चालला तरी काही होत नाही. दोन टनांची गाडी गेली की वरची साय फुटते आणि खाली गुडघाभर गाळ. मागच्या वर्षी पक्षी बघायला आलेली एक गाडी आम्ही दोन ट्रॅक्टर लावून काढली, पाच तास लागले. काठीनं टोचून बघा. काठी सहज हातभर गेली तर तिथून पाय मागं.

काळ्या रानात पाऊस झाला असेल तर वाफसा येईपर्यंत थांबायचं. शेतकरी औत घालत नाही तेव्हा गाडीही घालायची नाही. ओल्या काळ्या मातीत ऑल टेरेन टायरची नक्षी दोन फेऱ्यांत लिंपून जाते आणि टायर गुळगुळीत होतो. मुरमाच्या पाणंदीवर हवा ३२ वरून २२ पीएसआयला आणली तर वडिलांची कंबर वाचेल. वाळूत १८पर्यंत, मग वेग पंचवीस-तीसच्या वर नाही, आणि डांबरावर येताच परत भरायची.

अडकलात तर दोर चासीच्या हुकालाच. टो बॉलला (ट्रेलर ओढायच्या मागच्या गोळ्याला) कधीच नाही, तो तुटला तर गोळीसारखा येतो. साखळीनं झटका मारू नका.

हिप्परगाकाठ | २६ एप्रिल, रात्री १०:१०

जाऊन आलो. आधी तयारीचं. चारही टायर आणि स्टेपनी २३५/७० आर१६ ऑल टेरेन, एका दिवशी घातले. कडकड बंद. शिफ्ट मोटरच्या कनेक्टरमध्ये खरंच हिरवी बुरशी होती, साफ केल्यापासून दिवा एकदाही लुकलुकला नाही. दोन्ही डिफचे ब्रीदर वर नेले. मागच्या डिफचं तेल किंचित ढगाळ होतं, बदललं. उंची जशी होती तशीच ठेवली.

भीमानगरहून सकाळी सहाला निघालो. वडील पुढं बसले आणि नकाशा लागलाच नाही. "इथं उजवीकडं, त्या बाभळीपाशी चारी फुटते," असं सांगत होते आणि चारी तिथंच होती. दुपारी ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. एका ठिकाणी पाणंद फुटलेली होती, तिथून चाळीस मिनिटं लोमध्येच काढली. वडील रस्त्याकडं बघत होते, मी काट्याकडं. तो हलला नाही. माचणूरला सिद्धेश्वराच्या देवळापाशी मुक्काम केला, घाटावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी. एका ओढ्याकाठी जमीन वाळलेली वाटली, काठी टोचली तर सरळ आत गेली. गाळपेर दादा, अडीच किलोमीटरचा वळसा घालून पुढं गेलो.

कुडलला तिसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. देवळातला शके ९४०चा मराठी शिलालेख, म्हणजे इसवी सन १०१८चा, वडिलांनी बोट न लावता, अक्षरावर अक्षर धरून वाचायचा प्रयत्न केला. मग संगमावर बराच वेळ बसले. एवढंच म्हणाले, "यातलं निम्मं पाणी मी मोजलंय."

एकच नवं. परत आल्यावर मागून डाव्या बाजूनं खड्ड्यात टक् असा आवाज येतो.

जुना_पाना | २६ एप्रिल, रात्री १०:४०

वाचून फार बरं वाटलं. आवाज एकच टक् असेल तर फाइव्ह-लिंकचा बुश, म्हणजे लिंकच्या टोकातलं रबर. गाडी जमिनीवरच ठेवा, खाली जाऊन प्रत्येक लिंकच्या टोकाशी पहार हलकी टेकवून हलवा, जो बुश गेलाय तिथं लोखंड हललेलं दिसेल. बदलताना एक काळजी: बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळायचा. जॅकवर लोंबत असताना आवळला तर रबर पिळलेलं राहतं आणि सहा महिन्यांत परत फाटतं. रविवारी सकाळी मोकळा आहे, फोटो टाका.